ऐकण्याची नोकरी

'हेर' हे नाम आणि 'हेरणे' हे क्रियापद मराठीत शेजारी शेजारी नांदत असले, तरी त्यांची प्रतिष्ठा सारखी नाही. शिक्षकाने एखादा गुणी विद्यार्थी हेरला म्हणजे आपण त्याच्या नजरेचे कौतुक करतो. हेच काम पगार घेऊन, गुपचूप आणि दुसऱ्याच्या सांगण्यावरून कोणी करू लागला, की तो हेर ठरतो व आपण त्याच्यापासून चार हात दूर सरकतो. रशियन भाषेतली परिस्थिती याहून मजेची आहे. तेथे गुप्तवार्तेला 'राझ्व्येद्का' म्हणतात. या शब्दाच्या पोटात 'जाणणे' या अर्थाचा 'व्येदत्' हा धातू आहे आणि तो आपल्या 'विद्' धातूचा सख्खा नातलग आहे. म्हणजे आपल्या वेदाचे आणि त्यांच्या हेरखात्याचे मूळ एकच. भूगर्भातील खनिजांचा शोध घेणे यालाही रशियन माणूस 'राझ्व्येद्का'च म्हणतो. यातही एक मेख आहे : आपल्या बाजूचा असेल तर तो 'राझ्व्येद्चिक', शत्रूचा असेल तर 'श्पिओन'. काम एकच, शब्द दोन. शब्दांचा असा पंक्तिप्रपंच बहुधा सर्वच भाषा करतात. रशियन तो फारसा लपवत नाही, इतकेच.

हे सारे आठवण्याचे कारण पुढे येईलच. आधी एका शाळेविषयी सांगायला हवे. साहित्य शिकवणाऱ्या आम्हां लोकांनी या शाळेचा जितका विचार करायला हवा होता तितका केलेला नाही, असे आम्हांस वाटते.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये तरुण मुलांना सक्तीची लष्करी सेवा करावी लागे. कोरियाचे युद्ध पेटले तेव्हा, १९५० मध्ये, या सेवेची मुदत दीड वर्षावरून दोन वर्षे करण्यात आली. शीतयुद्ध सुरू झाले होते, सोव्हिएत सैन्याची बिनतारी संभाषणे ऐकण्याजोगी यंत्रे होती, पण यंत्राला कान लावून बसणारी, रशियन समजणारी माणसे नव्हती. तेव्हा सक्तीने भरती झालेल्यांपैकी शालेय परीक्षांत भाषाविषयांत चमकलेली मुले निवडून त्यांना झपाट्याने रशियन शिकवावे, असे ठरले आणि १९५१ साली 'जॉइंट सर्व्हिसेस स्कूल फॉर लिंग्विस्ट्स' ही भूदल, नौदल व हवाई दल यांची संयुक्त शाळा निघाली. सरे परगण्यातील कोल्सडन आणि कॉर्नवॉलमधील बॉडमिन येथे तिचे वर्ग भरत. पुढे १९५६ पासून स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील क्रेल येथील जुन्या विमानतळावर ती हलली आणि सक्तीच्या भरतीबरोबरच १९६० मध्ये तिचाही अवतार संपला. या नऊ वर्षांत सुमारे ५००० मुले तेथून रशियन शिकून बाहेर पडली. अठरा-एकोणीस वर्षांची मुले. आपल्याकडे ज्या वयात विद्यार्थी प्रथम वर्षाच्या वर्गात मागच्या बाकावर बसून डुलक्या घेतो, ते वय. आजच्या भाषेत सांगायचे तर ही मुले हेरखात्यात 'इंटर्नशिप' करीत होती. फरक एवढाच, की त्यांना अर्ज करावा लागला नव्हता.

शाळेची पद्धत कडक होती. पत्र्याच्या वा लाकडी खोपटांतले वर्ग, दररोज तासन्तास व्याकरण आणि संभाषण, रात्री पाठ करायच्या शब्दांच्या लांबलचक याद्या आणि ठरावीक काळाने परीक्षा. जो नापास होई त्याची रवानगी पुन्हा मूळ पलटणीत होई. पहाटेची कवाईत, राहुट्या, कदाचित कोरिया किंवा मलाया यांची धास्ती इतकी जबर होती, की रशियन भाषेतील सहा विभक्ती मुलांना लाडक्या वाटू लागल्या असाव्यात. (आमच्या महाविद्यालयात अशी एखादी सोय असती तर मराठी व्याकरणाचे निकाल काय लागले असते, हा विचार मनात येऊन गेला, हे लपवून काय करणार?) वरच्या श्रेणीत आलेल्यांना दुभाषे म्हणून तयार करण्यासाठी केंब्रिज व लंडन विद्यापीठांत पाठवले जाई, तेथे ती लष्करी मुले नागरी पोशाखात वावरत. केंब्रिजच्या वर्गांची सूत्रे एलिझाबेथ हिल यांच्या हाती होती. सेंट पीटर्सबर्गमध्ये १९०० साली जन्मलेल्या आणि क्रांतीच्या वर्षी तेथून बाहेर पडलेल्या या बाई पुढे केंब्रिजच्या स्लाव्ह अभ्यासाच्या प्राध्यापक झाल्या होत्या. लंडनचा वर्ग रोनाल्ड हिंगली यांच्याकडे होता. त्यांनीच पुढे चेकॉव्हच्या लेखनाचे नऊ खंड इंग्रजीत आणले.

शिकवणारे कोण होते, हे आम्हांला सर्वांत महत्त्वाचे वाटते. काही ब्रिटिश होते, पण पुष्कळसे परागंदा झालेले लोक होते. क्रांतीनंतर देश सोडलेले रशियन, बाल्टिक देशांतून आलेले, पोल, युद्धाच्या वावटळीत इकडे येऊन पडलेले सोव्हिएत नागरिक. ज्या देशाने त्यांना बाहेर टाकले त्या देशाची भाषा शत्रूची भाषा म्हणून शिकवण्याचे काम त्यांच्या वाट्याला आले होते. या लोकांनी काय केले? त्यांनी सरकारी याद्यांतले रणगाड्याचे भाग आणि विमानाचे पंख शिकवले. पण त्याचबरोबर मुलांकडून समूहगीते म्हणवून घेतली, रशियन नाटके रशियनमध्ये बसवून घेतली, पुश्किन पाठ करायला लावला, दोस्तोएव्हस्की वाचायला दिला. लष्कराने याला हरकत घेतली नाही. हरकत घेण्याचे कारणही नव्हते, कारण भाषा शिकवण्याचा दुसरा मार्ग अजून कोणाला सापडलेला नाही. 'रणगाडा डावीकडे वळला' हे वाक्य कानाला पटकन समजायचे असेल, तर त्या कानाने आधी पुष्कळ निरुपयोगी वाक्ये ऐकलेली असावी लागतात. बागेतली चेरीची झाडे तोडली जाण्याविषयीची, सामोवार थंड झाल्याविषयीची, मॉस्कोला जायचे राहून गेल्याविषयीची.

ऐकणे हे वाटते तितके साधे काम नव्हे, हे आम्ही स्वानुभवाने सांगू शकतो. एम.ए. करीत असताना, २००० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत, आम्ही पुण्यात संध्याकाळच्या वर्गाला जाऊन रशियनचा प्राथमिक अभ्यासक्रम पुरा केला. वर्गात वाचताना सारे कळे. ध्वनिफीत लावली की सारे धुक्यात जाई. रशियनमध्ये नऊ म्हणजे 'द्येव्यत्' आणि दहा म्हणजे 'द्येस्यत्'. मधल्या एका व्यंजनाचा फरक. बारा 'द्विनात्सत्' आणि एकोणीस 'द्येवित्नात्सत्'; घाईने उच्चारले तर सख्खी भावंडे. आता कल्पना करावी, की बोलणारा वैमानिक आहे, त्याच्या मागे इंजिनाची घरघर आहे, वर बिनतारी लहरींची खरखर आहे आणि तो सांगतो आहे ते अंक नोंदवून घ्यायचे आहेत. आपल्याकडे दूरध्वनीवर सदुसष्ट आणि अडुसष्ट यांचा घोळ घातलेल्या प्रत्येकाला ही यातना ठाऊक आहे. शिवाय 'ब्रात' म्हणजे भाऊ आणि तोच शब्द शेवटचा 'त' जरा मऊ करून उच्चारला की 'घेणे'. हा मऊपणा टाळूला जीभ लागण्याचा आहे. खरखरीत प्रथम तोच हरवतो. स्वराघात नसलेला 'ओ' तर लिहिताना एक आणि बोलताना दुसराच : लिहायचे 'मोलोको', म्हणायचे 'मलाको', प्यायचे दूध.

पण ध्वनी सुटला तरी क्रियापदे वाट अडवतात. रशियन क्रियापदाला काळ कमी आणि क्रिया पुरी झाली की चालू आहे याची चाड जास्त. 'वीलेतायेत' म्हणजे विमान निघते आहे. 'वीलेतेल' म्हणजे निघाले. मराठी माणसाला यात परके काही वाटू नये. 'निघतोच आहे' असे दूरध्वनीवर सांगणारा गृहस्थ अद्याप अंघोळीला गेलेला नसतो, हे आपण जाणतो. पण सीमेपलीकडे बसून ऐकणाऱ्याला त्या दोन रूपांमधल्या फरकावर अहवाल लिहायचा असतो. शिवाय जाणे पायी की वाहनाने, एकदाचे की नेहमीचे, आत की बाहेर, जवळ की दूर, हे सारे त्या एका क्रियापदात उपसर्गासह कोंबलेले. आमचे शिक्षक म्हणत, रशियन माणूस कोठे गेला हे विचारू नका, कसा गेला हे विचारा. त्यांना अर्थातच व्याकरण अभिप्रेत होते.

बॉडमिनची आणि क्रेलची मुले ही परीक्षा पार करून बर्लिनच्या गाटो विमानतळावर किंवा उत्तर जर्मनीच्या किनाऱ्यावर जाऊन बसत. कानांवर यंत्र, हातात पेन्सिल, समोर कागद. ज्यांनी 'गुन्हा आणि शिक्षा' वाचली होती ते आता हवेतून येणारे आकडे उतरवून घेत होते. जे ऐकले त्याविषयी जन्मभर न बोलण्याच्या कागदावर त्यांनी सही केलेली असे. दोन वर्षे संपली की ही मुले घरी जात, विद्यापीठात प्रवेश घेत आणि शांतपणे विसरण्याच्या कामाला लागत. त्यांतली बहुतेक खरोखरच विसरली असणार. भाषा वापरली नाही तर गंजते, हे कोणाही माजी विद्यार्थ्याला माहीत आहे.

काही मात्र विसरले नाहीत. मायकेल फ्रेन या शाळेतून गेला. त्याने १९६६ साली 'द रशियन इंटरप्रीटर' ही कादंबरी लिहिली आणि १९७० नंतरच्या काळात चेकॉव्हची नाटके एकामागून एक इंग्रजी रंगभूमीसाठी भाषांतरित केली. इंग्रजीत चेकॉव्ह करणारे पुष्कळ नाटककार दुसऱ्याने केलेल्या शब्दशः तर्जुम्यावर रंग चढवतात. फ्रेन मूळ वाचू शकत होता, आणि ती शक्ती त्याला संरक्षण खात्याच्या पैशाने आली होती. त्याच्याच बरोबर केंब्रिजला असलेल्या ॲलन बेनेटने १९८३ मध्ये 'ॲन इंग्लिशमन अब्रॉड' लिहिले. त्याचा नायक मॉस्कोत पळून गेलेला ब्रिटिश हेर गाय बर्जेस. बर्जेस इंग्लंडमधून नाहीसा झाला ते साल १९५१, म्हणजे ही शाळा निघाली तेच. आणि तोही केंब्रिजचाच. एकाच विद्यापीठाने एका पिढीत मॉस्कोसाठी हेर दिले आणि पुढच्या पिढीत मॉस्कोविरुद्ध कान दिले, यातली नाट्यमयता बेनेटच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते. डेनिस पॉटर रशियन शिकून लंडनच्या युद्धखात्यात कारकुनी करीत राहिला आणि त्या कंटाळ्यातून चाळीसेक वर्षांनी, १९९३ मध्ये, 'लिपस्टिक ऑन युवर कॉलर' ही दूरचित्रवाणी मालिका उभी राहिली. कॉर्नवॉलचा डी. एम. टॉमस याने १९७६ मध्ये ॲना आख्मातोव्हाच्या 'रेक्विएम'चा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. येथे आम्हांला थबकावेसे वाटते. 'रेक्विएम' ही तुरुंगाच्या दारात रांगेत उभ्या राहिलेल्या आयांची कविता. ज्या राज्यात ती कागदावर लिहून ठेवणेही धोक्याचे होते, म्हणून कवयित्रीच्या मैत्रिणींनी ती पाठ करून जपली. म्हणजे तेथेही काही माणसे कान देऊन ऐकत होती आणि गुपित राखत होती. ती कविता इंग्रजीत आणणारा एक हात मुळात गुपिते उतरवून घेण्यासाठी तयार केलेला असावा, हे आम्हांस अजूनही पुरते पचलेले नाही.

परंतु या शाळेची ही गोष्ट इतक्या गोड वळणावर सोडणे अप्रामाणिकपणाचे होईल. साहित्याचे लोक अशा कथा सांगतात तेव्हा साहित्याने हेरगिरीवर मात केली असा सूर आपोआप लागतो. तो सूर खोटा आहे. त्या ५००० मुलांपैकी नाटककार आणि कवी झालेले बोटांवर मोजता येतील. बाकीच्यांनी ऐकलेले आकडे खरोखरच कोठेतरी वापरले गेले. आणि मौनाची सही ही नुसती औपचारिकता नव्हती. नौदलात हे काम करून आलेल्या ऑक्सफर्डच्या विल्यम मिलर व पॉल टॉम्सन या दोन विद्यार्थ्यांनी फेब्रुवारी १९५८ मध्ये 'आयसिस' या विद्यार्थ्यांच्या नियतकालिकात सोव्हिएत सीमेवर चालणाऱ्या या ऐकण्याविषयी लिहिले. सोव्हिएत बाजूने बोलायला लागावे म्हणून त्यांना मुद्दाम डिवचले जाते, असा त्या लेखाचा आशय होता. गोपनीयतेच्या कायद्याखाली दोघांनाही तीन महिन्यांचा तुरुंगवास झाला. उलट बाजूचे उदाहरण जेफ्री प्राइमचे. हवाई दलात रशियन शिकलेला हा माणूस ब्रिटिश गुप्तवार्ता यंत्रणेत उतारे करण्याचे काम करी आणि १९६८ पासून तेथली गुपिते सोव्हिएत संघाला पुरवी. १९८२ मध्ये त्याला हेरगिरीसाठी ३५ वर्षांची शिक्षा झाली. भाषा शिकल्याने माणूस उदार होतो, हे आम्ही वर्गात किती वेळा म्हटले असेल! प्राइमलाही विभक्ती उत्तम येत असणार.

आमच्या स्वतःच्या रशियनप्रेमाची कुळकथा तरी कितीशी निर्मळ आहे? आमचे बालपण १९८० नंतरच्या दशकातले. गावात पुस्तकांची गाडी येई आणि तीन-चार रुपयांना गुळगुळीत कागदावरची, कापडी बांधणीची, रंगीत चित्रांची पुस्तके मिळत. 'रादुगा' आणि 'प्रगती' ही मॉस्कोच्या प्रकाशनांची नावे आम्हांला मराठी प्रकाशकांच्या आधी पाठ झाली. 'देनिसच्या गोष्टी' वाचून आम्ही देनिसच्या खोड्या केल्या आणि मार खाल्ला. अनिल हवालदार हे नाव आमच्या लेखी लेखकाचेच होते. भाषांतरकार नावाचा वेगळा प्राणी असतो, हे पुष्कळ उशिरा समजले. इतकी देखणी पुस्तके इतकी स्वस्त का, हा प्रश्न त्या वयात पडला नाही. डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला, गाडी यायची बंद झाली आणि मग हळूहळू कळले, की आमची आवडनिवड ही कोण्या दूरच्या कार्यालयातील योजनेचा भाग होती. दुसरी बाजूही काही वेगळी नव्हती. पास्तरनाकची 'डॉक्टर झिवागो' मायदेशी छापली जाईना, तेव्हा तिची रशियन आवृत्ती अमेरिकेच्या सीआयएने गुपचूप छापवून घेतली आणि १९५८ च्या ब्रुसेल्स येथील जागतिक प्रदर्शनात सोव्हिएत प्रवाशांच्या हाती पडेल अशी व्यवस्था केली. यासंबंधीची कागदपत्रे २०१४ मध्ये खुली झाली. एकाने आम्हांला देनिस दिला, दुसऱ्याने त्यांना झिवागो दिला. दोघांचेही हेतू शंकास्पद आणि दोन्ही पुस्तके चांगली. या गुंत्याचे काय करायचे, हे ठरवणारे समीक्षेचे सूत्र अजून आमच्या हाती लागलेले नाही.

आणि मराठी? आपली भाषाही कोणाच्या तरी उपयोगाची वस्तू म्हणूनच प्रथम नीट मांडली गेली, याचा आपल्याला सोयीस्कर विसर पडतो. ज्या शब्दकोशावाचून आमचे एक दिवस चालत नाही, तो १८३१ चा कोश करणारे मोल्सवर्थ आणि त्यांचे सहकारी कँडी बंधू हे कंपनी सरकारच्या लष्करातले अधिकारी. ज्यांच्यावर राज्य करायचे त्यांची भाषा कळली पाहिजे, ही त्यामागची गरज. सव्वाशे वर्षांच्या आतबाहेर तोच खेळ अमेरिकेत वेगळ्या नावाने झाला. पेनसिल्वेनिया विद्यापीठात १९४८ मध्ये दक्षिण आशियाच्या अभ्यासाचा विभाग उभारणारे संस्कृत पंडित नॉर्मन ब्राउन हे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या ओएसएस या हेरसंस्थेसाठी काम केलेले गृहस्थ. पुढे सोव्हिएत संघाने १९५७ मध्ये स्पुटनिक सोडला आणि घाबरलेल्या अमेरिकेने १९५८ च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्याने परभाषांच्या अध्यापनावर पैसा ओतला. त्यात रशियन अग्रभागी होती, पण आपल्या उपखंडातील भाषांच्या केंद्रांनाही ओल मिळाली. त्याच पेनसिल्वेनियात १९६९ साली एलिनॉर झेलियट यांनी डॉ. आंबेडकर आणि महार चळवळ या विषयावर प्रबंध लिहिला. दलित साहित्याची आणि चळवळीची ओळख इंग्रजी जगाला करून देणाऱ्यांत त्यांचे नाव पहिल्या ओळीत येते. नॉर्मन ब्राउन यांनी विभाग काढला तेव्हा त्यातून हे निघेल, असे युद्धखात्यातल्या कोणालाही वाटले नसेल.

आता ज्या कारणाने हे सारे मनात घोळू लागले त्याकडे. आमच्याकडे मराठी घेऊन पदवी केलेली एक विद्यार्थिनी पुढे रशियनकडे वळली. वडील एसटीत वाहक, घरात परभाषा म्हणजे इंग्रजी आणि तीही भीतीपुरती. हिने रशियनमध्ये एम.ए. केले, तेही उत्तम. २०२४ मध्ये ती आमच्याकडे शिफारसपत्र मागायला आली. एका खाजगी संस्थेत सहा महिन्यांची इंटर्नशिप होती. संस्था सुरक्षाविषयक अहवाल तयार करून देणारी, गिऱ्हाइके कोण ते सांगायचे नाही. काम असे, की युक्रेनमधल्या युद्धासंबंधी रशियन भाषेत जे काही उघड्यावर पडलेले असते, ध्वनिफिती, चित्रफिती, सैनिकांचे निरोप, ते ऐकून इंग्रजीत सारांश करायचा. विद्यावेतन आमच्या तासिका तत्त्वावरील सहकाऱ्यांच्या मासिक मिळकतीहून अधिक होते.

"सर, हे हेरगिरीत मोडतं का?" तिने सरळच विचारले.

आम्ही वेळ काढण्यासाठी म्हणालो, "तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, मी चेकॉव्ह भाषांतरित करावा," ती म्हणाली, "पण भाषांतरावर पोट चालत नाही हे तुम्हीच वर्गात सांगता."

ते आम्ही सांगतो, हे खरे आहे. एका चेकॉव्हच्या भाषांतराला मिळणाऱ्या मानधनात पुण्यात एका खाटेचे महिन्याचे भाडे सुटत नाही. मराठीत रशियनमधून थेट भाषांतर करणारे आज किती आहेत आणि ते कशावर जगतात, याचा हिशेब मांडला तर ज्या समाजाला चेकॉव्ह हवा आहे तोच समाज त्याचे दाम मोजायला तयार नाही, हे दिसेल. ते दाम ब्रिटनमध्ये लष्कराने मोजले. आमच्या विद्यार्थिनीच्या बाबतीत कोणती तरी अनामिक गिऱ्हाइके मोजणार होती. नको म्हणण्याचा अधिकार ज्याच्याजवळ दुसरी नोकरी आहे त्याला असतो, आणि तो आम्ही तिच्या वतीने वापरणे आम्हांला अशोभनीय वाटले. आम्ही तिला बॉडमिनची हकिगत सांगितली. फ्रेनचीही सांगितली आणि प्राइमचीही. पत्रात ती कष्टाळू असल्याचे लिहिले, भाषेची जाण उत्तम असल्याचे लिहिले. 'ती लक्षपूर्वक ऐकते' हे वाक्य लिहिताना मात्र हात थांबला. साहित्याच्या विद्यार्थ्याविषयी याहून मोठी स्तुती आम्हांला ठाऊक नाही; आणि त्या संस्थेला नेमके हेच हवे होते. शेवटी ते वाक्य ठेवले, कारण ते खरे होते.

ऐकण्याच्या या कामाचे जे रूप या युद्धात दिसले ते १९५० च्या दशकातील आकड्यांहून फार वेगळे आहे. मार्च २०२२ मध्ये कीव्हच्या परिसरात असलेल्या रशियन सैनिकांनी घरी केलेले दूरध्वनी युक्रेनच्या यंत्रणांनी टिपले आणि त्यांतले काही त्याच वर्षी 'न्यू यॉर्क टाइम्स'ने पडताळून प्रसिद्ध केले. पुढे ओक्साना कार्पोविच या दिग्दर्शिकेने अशाच टिपलेल्या संभाषणांवर 'इंटरसेप्टेड' हा माहितीपट केला. तो २०२४ च्या बर्लिन महोत्सवात दाखवला गेला. पडद्यावर उद्ध्वस्त घरे, उघडी स्वयंपाकघरे, आणि त्यावर ऐकू येणारे आवाज : मुलगा आईला सांगतो आहे, नवरा बायकोला. त्यांत लूट आहे, खून केल्याची कबुली आहे, भीती आहे, आणि मध्येच जेवणाची चौकशी आहे. हे चोरून ऐकलेले आहे, यात वाद नाही. आणि ऐकणाऱ्याने ते ऐकले नसते तर मेलेल्यांच्या बाजूने उभा राहणारा एक पुरावा कमी झाला असता, यातही नाही. हेर आणि साक्षीदार यांच्यातली सीमारेषा या आवाजांपाशी आम्हांला दिसेनाशी होते. काय ऐकले यावर ती ठरत नसावी. ऐकणारा त्याचे पुढे काय करू शकतो, त्याला ते करण्याची मोकळीक आहे की नाही, यावर बहुधा ठरते. मिलर आणि टॉम्सन यांना ती नव्हती. आमच्या विद्यार्थिनीच्या करारपत्रातही एक कलम होतेच.

त्या कलमाला धरून तिने आम्हांला कामाविषयी काही सांगितले नाही, आम्ही विचारले नाही. तीन-साडेतीन महिन्यांनी एका रविवारी तिचा निरोप आला, तोही व्याकरणाचा. रशियन माणूस दूरध्वनी ठेवताना म्हणतो, 'नू फ्स्यो, दावाय.' शब्दशः : 'बरे, सगळे (झाले), दे.' कोणाला काय द्यायचे असते, ते रशियनलाही सांगता यायचे नाही. संस्थेच्या सूचनेप्रमाणे संभाषणाच्या सुरुवातीचे आणि शेवटचे असले शब्द सारांशात घ्यायचे नसतात; त्यांत माहिती नसते. ती मात्र ते उतरवून घेते, असे तिने लिहिले होते. स्वतःच्या वहीत. इंग्रजीत काही जमत नाही, पण मराठीत लगेच सुचले, ते बरोबर आहे का, एवढेच तिला विचारायचे होते.

तिने लिहिले होते : 'चल, ठेवतो मग.'

आम्ही बराच वेळ पर्याय शोधून पाहिले. 'बरं तर, ठेवू?' यात परवानगी मागितल्यासारखे होते. 'अच्छा' फार शहरी. कोशांत काही मिळाले नाही. सैनिक आईशी बोलत असेल तर 'चल' चालेल का, असे आम्ही तिला उलट विचारले. आपल्याकडे आईला 'चल' म्हणतात, पण ते घरोघरी वेगळे असते. यावर तिचे उत्तर आले, की हा म्हणेल. त्याचा आवाज तिने ऐकला होता, आम्ही नाही.